पट्टा पडेपर्यंत: उसतोडीला निघालेल्या गरोदर बाईच्या खाण्याची सोय कशी लावायची

आहाराचा तक्ता सांगायच्या आधी पिठाचा डबा उघडून बघायचा. नव्या आशा कार्यकर्तींना मी सगळ्यात आधी हेच सांगते. "रोज एक ग्लास दूध, दोन फळं, पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं" हे पोस्टरवर छान दिसतं. पण ज्या घरात पावसाळ्यात दुकानदाराने उधारी बंद केली आहे, तिथल्या सुनेला ते ऐकवलं तर ती मान हलवते, "हो ताई" म्हणते आणि पुढच्या वेळी आपण दिसलो की मागच्या दाराने निघून जाते.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आशा म्हणून काम करते. आई-वडिलांनी ऊस तोडला, भावजया अजून तोडतात. दसरा-दिवाळीच्या आसपास आमची गावं रिकामी होतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी साताऱ्याला, कुणी सोलापूर-नगरकडं, कुणी थेट बेळगावकडं. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा मार्च-एप्रिल आलेला असतो. आषाढ-श्रावणात जिला दिवस गेले, तिचे चौथ्यापासूनचे सगळे महिने कोपीत, म्हणजे तोडीवरच्या पाचटाच्या झोपडीत जातात. बाळाचं वजन नेमकं याच महिन्यांत वाढतं, आणि नेमकी याच महिन्यांत ती आपल्या वहीतून गायब असते.

हे त्या बाईसाठी आहे, पण पहाटे तीनला उठणारी बाई मोबाईलवर काही वाचत बसत नाही. म्हणून तिच्या भोवतालच्या माणसांना सांगते: नवीन आशा, अंगणवाडीताई, कॉलेजला जाणारा दीर, नणंद, आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या घरातली बाईसुद्धा.

विचारायचं कसं

"जेवलीस का?" या प्रश्नाला आपल्याकडं एकच उत्तर असतं. त्याने काही कळत नाही. त्यापेक्षा विचारा, काल रात्री कालवण कशाचं होतं? शेवटी कोण जेवलं? भाकरी किती थापल्या आणि तुझ्या वाट्याला किती आल्या? दळण कधी आणलं? गेल्या महिन्यात एखादी वेळ नुसत्या चहावर काढली का? घरात काही नाही म्हणून रात्री तशीच झोपलीस असं झालं का?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे अन्न-असुरक्षितता मोजायचे आठ प्रश्न आहेत. त्यांची चढती भाजणी मला फार उपयोगी वाटते. आधी नुसती काळजी असते, पुढच्या आठवड्यात पुरेल का याची. मग जेवणातली विविधता जाते, भाकरी आणि ठेचा एवढंच उरतं. मग भाकरी कमी होतात, मग एक वेळ सुटते, आणि शेवटी अख्खा दिवस काही नाही. बाई यातल्या कुठल्या पायरीवर आहे ते आधी ठरवा. पहिल्या दोन पायऱ्यांवर असेल तर "अमुक खा, तमुक खा" सांगण्यात अर्थ आहे. त्यापुढं गेली असेल तर तिला सल्ला नको, धान्य हवं आहे. आपलं पहिलं काम रेशन दुकानात, दुसरं अंगणवाडीत.

हे प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचे नाहीत. हातपंपावर, वजन करताना, लसीच्या दिवशी झाडाखाली. आणि उपवास किती ते जरूर विचारा. ज्या बाईचे आठवड्यात तीन-तीन उपवास आहेत, तिथं देवापेक्षा डब्याचा संबंध जास्त असतो हे मी बघत आले आहे. "सोमवार आहे" म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही, घराची अब्रूही राहते.

सासूला शत्रू समजू नका. ती स्वतः आयुष्यभर शेवटी जेवलेली असते, तिच्या मते तीच रीत आहे. तिला बाजूला ठेवून सुनेच्या ताटात काही पडत नाही.

गाव सोडण्याआधी

कागदाची कामं कंटाळवाणी असतात, पण थळावर, म्हणजे तोडीच्या ठिकाणी गेल्यावर ती होत नाहीत. म्हणून सप्टेंबरमध्येच उरका.

पहिलं रेशनकार्ड. अंत्योदयचं कार्ड असेल तर कुटुंबाला मिळून महिन्याला ३५ किलो, त्यात माणसं किती याचा संबंध नाही. प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी ५ किलो, आणि इथंच नवी सून मार खाते. तिचं नाव माहेरच्या कार्डावर असतं, सासरच्या कार्डावर नसतं. म्हणजे दोन जिवांचं पोट, आणि धान्य शून्य माणसाचं. माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, आधार आणि लग्नाचा पुरावा जोडून सासरच्या कार्डावर नाव चढवायचं. दिवस गेल्याचं कळताच नवऱ्याला या कामाला लावा, कारण याला वेळ लागतो. हे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, त्यामुळे "पैसे नव्हते म्हणून उचललं नाही" हे कारण आता राहिलेलं नाही.

कार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी झाली आहे का तेही बघा. "एक देश एक रेशनकार्ड" या सोयीमुळे आपलं धान्य कोल्हापुरातच काय, कर्नाटकातल्या दुकानातही अंगठा देऊन उचलता येतं. म्हातारी माणसं मागं गावात राहिली असतील तर त्यांनी काही धान्य इथं उचलायचं आणि उरलेलं तिकडच्यांनी तिथं, असंही करता येतं. फक्त एक अडचण कुणी सांगत नाही. ऊस तोडून, वाढं (उसाचे शेंडे) बांधून बोटांचे ठसे झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. म्हणून टोळीत जाणाऱ्या एकाहून जास्त माणसांचं आधार कार्डाला जोडलेलं असू द्या आणि मोबाईल नंबर चालू असलेला असू द्या. दुकानदाराने बाहेरगावचं कार्ड म्हणून परत पाठवलं तर १९६७ या नंबरवर तक्रार करता येते. निदान नंबर लावतोय असं दिसलं तरी बऱ्याचदा पोतं उघडतं.

दुसरी अंगणवाडी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार हा तिचा हक्क आहे. कुणाचे उपकार नाहीत. या आहारातून दिवसाला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे. आपल्याकडं ते घरी न्यायच्या कोरड्या आहाराच्या रूपात येतं. चव आवडत नाही म्हणून ती पाकिटं गोठ्यात गेलेली मी पाहिली आहेत. नुसतं शिजवून खाण्यापेक्षा ज्वारी-बाजरीच्या पिठात मिसळून, कांदा-मिरची घालून धपाटं केलं तर जातं. आणि ते पाकीट आईच्या पोटात जावं असं वाटत असेल तर घरातल्या सहा महिने ते तीन वर्षांच्या पोराचं वेगळं पाकीट उचललं जातंय का ते आधी बघा. पोराचं आलेलं नसेल तर आई स्वतःचं पोरालाच घालणार, तिला त्यावरून बोलण्यात काही हशील नाही.

(नंदुरबार, पालघर, गडचिरोलीकडच्या आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं, २०१५ पासून. आमच्या बीडला ती लागू नाही. तिकडच्या आशांनी स्थलांतराच्या आधी ते बुडवू देऊ नये.)

तिसरं, मातृवंदना योजनेचा अर्ज. पहिल्या खेपेला ५,००० रुपये, दोन हप्त्यांत: नोंदणी आणि तपासणीनंतर ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर २,०००. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर एकदम ६,०००. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. म्हणजे कधीकाळी शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी माहेरी काढलेल्या आणि पुढं विसरलेल्या खात्यातसुद्धा जाऊ शकतात. "पैसे आले नाहीत" म्हणणाऱ्या बायकांपैकी कित्येकींचे असे कुठं तरी पडून असतात. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलं आहे ते एकदा विचारून घ्या.

जिचं वय अठराच्या आत आहे तिचा अर्ज अडतो, आणि भीतीने घरचे तिची नोंदच करत नाहीत. आमच्या भागात लेकींची लग्नं लवकर होतात हे काही लपलेलं नाही. अशा पोरीचं स्वतःचंच अंग अजून वाढत असतं, तिला आणि बाळाला त्याच ताटातलं वाटून घ्यावं लागतं. कायद्याचं काय व्हायचं ते होईल. तपासणी, गोळ्या आणि आहार तिला सगळ्यात आधी मिळाला पाहिजे.

चौथं, रक्त. निघण्याआधी हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय कुणालाही गाडीत बसू देऊ नका. ११ च्या वर असेल तर ठीक. ७ ते ११ च्या मधे असेल तर रोज दोन लाल, म्हणजे लोहाच्या गोळ्या आणि महिन्याने पुन्हा तपासणी. ७ च्या खाली असेल तर ती उसाला जात नाही, दवाखान्यात जाते. इथं मी वाद घालते, मुकादमाशीसुद्धा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, तेव्हा "मला तर काही होत नाही" याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. माती, चुलीतली राख, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं ही रक्त कमी असल्याची खूण असू शकते. लाजून ती सांगत नाही, आपण विचारायचं.

माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर, आणि त्याच्या सगळ्या पानांचे फोटो नवऱ्याच्या आणि आणखी एकाच्या मोबाईलमध्ये. कोपी जळते, भिजते, कार्ड जातं.

उचल आली त्या आठवड्यात

ज्यांना उसतोडीचं अर्थकारण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. हंगामाआधी मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो आणि ती नंतर तोडीच्या टनांतून फिटते. म्हणजे वर्षातला मोठा पैसा काम सुरू व्हायच्या आधीच येतो आणि सावकार, लग्नाचं देणं, दवाखाना यात संपतोही. थळावर हातात पडते ती पंधरवड्याची खर्ची आणि वाढं विकून आलेले सुटे पैसे. त्यावर किराणा, तोही कोपीजवळच्या दुकानात चढ्या भावाने आणि उधारीवर.

त्यामुळे गरोदर बाईच्या खाण्याचा पैसा उचलीतूनच निघाला पाहिजे. नंतर निघत नाही. मी घरच्यांना सांगते की उचल आली की पहिल्या बाजारात एवढं घ्या: महिन्याला दोन किलोच्या हिशोबाने तूर, हुलगे, मटकी, हरभरा मिळून, महिन्याला एक किलो शेंगदाणे, तीळ, कारळ, जवस चटणीपुरते, गूळ, आणि खात असतील तर सुकट. ही यादी पट्टा पडेपर्यंतची घेतली तरी घरातल्या एका कार्यक्रमाच्या मंडपापेक्षा कमी पैशात बसते.

हे सामान घरच्या सामानात मिसळलं तर पंधरा दिवसांत संपतं. वेगळा डबा करा आणि त्याला सुनेचा डबा म्हणू नका, बाळाचा डबा म्हणा. किल्ली सासूकडं किंवा मोठ्या जावेकडं द्या. सुनेने स्वतःसाठी वेगळं काढून ठेवलं तर भांडण होतं. सासूने नातवासाठी राखलं तर कौतुक होतं. मला हे पटत नाही, पण डबा टिकतो.

लाडक्या बहिणीचे दीड हजार जिच्या खात्यात येतात तिने त्यातून अंडी आणि दूध बांधून टाकावं. खर्ची नवऱ्याच्या हातात पडते. हे पैसे निदान तिच्या नावावर येतात.

थळावर पोचल्यावर

कोप्या उभ्या राहिल्या की त्या गावातली चार ठिकाणं शोधा: अंगणवाडी, आशा, उपकेंद्र आणि रेशन दुकान. ज्या शेतकऱ्याचा ऊस आहे त्याच्या घरच्या बाईला विचारलं की सगळं कळतं, दुधाचा रतीबही तिथंच लागतो.

अंगणवाडीत "तुमचं नाव आमच्या गावात नाही" असं ऐकायला मिळू शकतं. नाव कुठलंही असो, स्थलांतर करून आलेल्या गरोदर बाईला तिथं आहार घेता येतो. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपमध्ये एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीत नाव हलवायची सोय आहे. वाद घालण्यापेक्षा आपल्या गावच्या ताईला फोन लावून तिकडच्या ताईच्या हातात द्यावा. दोघी एकमेकींची भाषा बोलतात, काम होतं. नाही झालं तर पर्यवेक्षिकेचा नंबर मागायचा.

टोळी एका थळावरून दुसऱ्यावर गेली की हे सगळं पुन्हा. त्याला इलाज नाही.

खायचं काय, आणि कधी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीत गरोदर बाईला रोजच्यापेक्षा ३५० उष्मांक जास्त सांगितले आहेत. साधारण एक भाकरी आणि वाटीभर डाळ धरा. पण हे घरात वावरणाऱ्या बाईसाठी. पहाटेपासून वाकून ऊस तोडणाऱ्या बाईचं खर्चाचं पारडं आधीच जड असतं. म्हणून मी तिला "दोन जिवांचं खा" म्हणत नाही. वेळा धर म्हणते.

थळावर बाई तीन-चारला उठते, भाकरी थापते, डबा बांधते आणि चहा पिऊन फडात जाते. पहिला घास दहा-अकराला. आदल्या रात्रीपासून हे चौदा-पंधरा तास होतात. एवढी एक गोष्ट बदलली तरी फरक दिसतो. निघताना अर्धी भाकरी आणि कारळ्याची किंवा शेंगदाण्याची चटणी, उभ्या उभ्या का होईना. पदराला फुटाणे आणि शेंगदाणे बांधलेले. दहाला जेवण, दुपारी पुन्हा थोडं, संध्याकाळी जेवण, मिळालं तर त्याच्यासोबत दूध. सातव्या महिन्यानंतर पोट दाबलं जातं, एका वेळी जास्त जातच नाही; तेव्हा तर हे असंच करावं लागतं.

दुसरं, तिचं ताट आधी वाढून ठेवायचं. पुरुषांबरोबर बसायचं की नाही यावर कुणाचं मन वळवत बसू नका, वेळ जातो. भाकरी थापतानाच तिच्या दोन भाकरी आणि कालवणातलं घट्ट तिच्या डब्यात काढायचं, मग बाकीच्यांना. नंतर तिला बसू दे कधीही. पातेल्यात शेवटी राहतो तो रस्सा, डाळ वरच्यांनी नेलेली असते. सगळ्या घरांत असंच असतं.

बाजरी, ज्वारी दोन्ही चांगल्या, थंडीत बाजरी जास्त. डाळ पातळ करून चार वेळा खाण्यापेक्षा घट्ट करून दोनदा खा. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, बेसन, शेंगोळे. मांस-मासे खाणाऱ्यांनी बाजारातून सुकट आणायची. थोडक्या पैशात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही मिळतं, फ्रीज लागत नाही. अंडं रोज एक जमलं तर फारच उत्तम. जे खात नाहीत त्यांनी दूध, दही, ताक धरून राहावं, कारण बी-१२ हे जीवनसत्त्व भाकरी-भाजीतून मिळत नाही.

पालेभाजी विकतच घ्यायची गरज नाही. पाणी असलेल्या शिवारात तांदुळजा, घोळ, पाथरी, चंदनबटवा आपोआप येतो; हरभऱ्याचा आणि शेवग्याचा पाला मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. एवढं मात्र विचारून घ्या की त्या बांधावर तणनाशक मारलं आहे का. उसात ते सर्रास मारतात, आणि फवारलेली भाजी धुऊन चालत नाही. पालेभाजीचं महत्त्व मी उगीच सांगत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यात ज्या बायका पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जन्मतः मोठी निघाली. आणि ज्यांचे शारीरिक कष्ट जास्त होते त्यांची लहान. आपल्या बायकांच्या वाट्याला दोन्ही उलटं येतं.

फळ म्हणजे सफरचंद नव्हे. पेरू, बोरं, आवळा, लिंबू. जेवताना लिंबू पिळलं की भाकरी-भाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की कमी लागतं. चहा सोड म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, मीही सोडणार नाही. तासभर मागं-पुढं करा.

फडात ऊस फुकट असतो. ऊस चघळून, रस पिऊन भूक मरते, आणि म्हणून जेवण टळतं. त्यात साखर आहे, बाळ बांधायला लागतं ते नाही. जेवण झाल्यावर खा. गुळाबद्दलही तेच: गूळ खाल्ल्याने रक्त भरतं हा समज गोळ्या बुडवायला कारण देतो. शेंगदाण्याबरोबर गूळ खुशाल खा, पण तो गोळीची जागा घेत नाही.

रेशनच्या तांदळात थोडे वेगळे, पांढुरके दाणे दिसले की "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून वेचून टाकतात. ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे असतात. फेकू नका.

"जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल" हे तर घरोघरी ऐकू येतं. अडीच किलोच्या आतलं बाळ सुटायला सोपं असेलही, जगवायला अवघड असतं. सासूला हे असंच सांगा.

भुकेची सोंगं

कोपीला संडास नसतो. अंधाराशिवाय बाहेर जाता येत नाही म्हणून बाई दिवसभर पाणी पीत नाही आणि जेवतेही कमी. याला आपण "भूक नाही" म्हणून वहीत लिहितो. पाणी कमी पडलं की लघवीला जळजळ, ताप, आणि त्यातून दिवस भरायच्या आधी कळा येऊ शकतात. टोळीतल्या बायकांनी मिळून पाचटाचा किंवा जुन्या साड्यांचा आडोसा पहिल्याच दिवशी उभा करावा. आहाराच्या लेखात हे का, असं कुणाला वाटेल. पण मी हा आडोसा उभा राहिल्यावर जेवण सुधारलेलं पाहिलं आहे.

भूक मारायला बायका मिश्री लावतात, तंबाखू खातात, सवयीने म्हणा किंवा दात दुखतो म्हणून म्हणा. बाळाचं वजन त्याने कमी होतं. एकदम नाही सुटली तर सकाळची उपाशीपोटीची आधी सोडवा, त्या जागी ती अर्धी भाकरी.

गोळ्या

चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, निदान १८० दिवस. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट लागत नाही, मधे दोन तास जाऊ द्या. सोपी पद्धत अशी: कॅल्शियम दहाच्या आणि संध्याकाळच्या जेवणासोबत, लाल गोळी झोपताना. मळमळ झोपेत निघून जाते. शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही. जंताची एक गोळी तीन महिने उलटल्यावर, ताई किंवा सिस्टर देतील तेव्हा. निघताना पट्टा पडेपर्यंतच्या सगळ्या गोळ्या द्या आणि झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवायला सांगा, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा.

काटा आणि मोळी

वजन महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच काट्यावर. चौथ्या महिन्यापासून महिन्याला दीड-दोन किलो वाढलं पाहिजे, नऊ महिन्यांत दहा-बारा किलो. मुळात हडकुळी असेल तर त्याहून जास्त. काटा नसेल तर टेपने दंडाचा मधला घेर मोजा. २३ सेंटिमीटरच्या आत असेल तर ती कुपोषित समजायची आणि पहिल्यांदा तिच्या डब्याकडं बघायचं. महिनाभर काटा हललाच नाही, किंवा उलट एकदम तीन-चार किलो वाढून तोंड-हात सुजले, तर दोन्ही वेळा दवाखाना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. खाड्याचे पैसे कापतात म्हणून बायका जात नाहीत, तेव्हा ही एक तारीख मुकादमाशी हंगामाआधीच, उचल घेतानाच बोलून ठेवायची. नंतर बोललं की उपकार होतो.

तेव्हाच कामाचंही ठरवा. सहाव्या महिन्यानंतर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं नाही. तोडलेला ऊस गोळा करणं, वाढं बांधणं, स्वयंपाक, पोरं सांभाळणं अशी कामं टोळीत असतातच. जावा-जावांनी अदलाबदल केली तर टनाचा फार फरक पडत नाही. खाणं वाढवता येत नसेल तर कष्ट कमी करणं हेही खाणं वाढवण्यासारखंच आहे. मुकादमांना हा हिशोब समजतो, त्यांना तो कुणी मांडून दाखवत नाही एवढंच.

रक्त जाणं, पाणी जाणं, जोराचं डोकं दुखून डोळ्यापुढं अंधारी, झटके, बसल्या जागी धाप, बाळाची हालचाल कमी होणं: यातलं काहीही झालं तर १०८. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, येण्या-जाण्याची गाडी आणि तिथलं जेवण २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, जिल्हा कुठलाही असो. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण मिळतं. तेवढे दिवस तरी तिला तिथं राहू द्या. दुसऱ्या दिवशी फडात परत नेण्यासाठी सही करून सोडवून आणू नका.

थळावरच बाळंत झाली तर जन्माची नोंद तिथंच होते. तो दाखला हातात घेतल्याशिवाय ते गाव सोडायचं नाही, कारण मातृवंदनेचा दुसरा हप्ता त्यावर अडतो. आणि पट्टा पडून गावी आल्यावर त्याच आठवड्यात अंगणवाडीत पुन्हा नाव लावा. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तिचा आहार चालू असतो, आणि गावी परतल्यानंतरचे मे-जून-जुलै हेच आमच्याकडं डबा रिकामा व्हायचे महिने असतात.